मराठी पीडीएफ वाचणारं ॲड-ऑन एआयकडून लिहून घेताना

शासन निर्णयाची, जुन्या पाठ्यपुस्तकाची किंवा सोसायटीच्या नोटिशीची पीडीएफ उघडली आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) रोमन अक्षरांचा नुसता गुंता वाचायला लागला, तर दोष स्क्रीन रीडरचा नसतो. श्री-लिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुरात ‘क’ हे अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह, आणि फाँट फक्त त्यावर ‘क’चं चित्र चढवतो. डोळ्यांना मराठी दिसतं, कानांना कचरा ऐकू येतो.

दुसरा प्रकार जास्त फसवा. मजकूर युनिकोडमध्येच (प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत) टाइप केलेला असतो, पण पीडीएफ बनताना जोडाक्षरांची नोंद बिघडते. मग वेलांट्या एक अक्षर पुढेमागे सरकतात आणि अर्धी अक्षरं गळतात. तिसरा प्रकार म्हणजे निव्वळ स्कॅन, पानाचा फोटो. कोणता प्रकार आहे ते ओळखायला एक वाक्य निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन गुंता आला तर फाँट जुना, मोडकं देवनागरी आलं तर नोंद बिघडलेली, काहीच निवडलं गेलं नाही तर स्कॅन.

तिन्हींवर उपाय एकच : आतला मजकूर विसरायचा, पान हे चित्र समजायचं आणि त्यातली अक्षरं ओसीआरने ओळखायची. एनव्हीडीए या विंडोजवरच्या मोफत स्क्रीन रीडरमध्ये ‘एनव्हीडीए अधिक आर’ (एनव्हीडीए ही त्याची खास कळ, सहसा इन्सर्ट) दाबलं की विंडोजचं स्वतःचं ओसीआर चालतं, पण त्याला मराठी येत नाही. एनव्हीडीएच्या ॲड-ऑन स्टोअरमध्ये (हे २०२३.२ आवृत्तीपासून आतच मिळतं) ओसीआरची आणि चित्रवर्णनाची तयार ॲड-ऑन (वरून बसवायच्या जोडसोयी) आहेत, ती आधी जरूर वापरून बघा. तरीही आपली गरज थोडी वेगळीच निघते : एकाच कळीवर मराठी-इंग्रजी मिसळ वाचायची आहे, शंकास्पद शब्दाआधी बीप हवी आहे, ‘ऱ्य’ बिघडायला नको आहे. एवढ्याशा गरजेसाठी कोणतीही कंपनी सॉफ्टवेअर बनवणार नाही. एआयकडून कोड लिहून घ्यायची साधनं नेमकी इथे कामाला येतात, आणि या परीक्षणात त्यांच्याकडे याच एका कामापुरतं पाहिलं आहे.

साधनं तीन प्रकारची आहेत. ब्राउझरमधली साधी चॅट (चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय), व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्राममधला कोपायलट, आणि टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चालणारी क्लॉड कोड किंवा जेमिनाय सीएलआयसारखी साधनं. शंभर-दीडशे ओळींच्या ॲड-ऑनला चॅट पुरते आणि मोफत खात्यातही काम होतं. पैसे भरायचेच असतील तर चॅटजीपीटी प्लस आणि क्लॉड प्रो या दोन्हींची मासिक वर्गणी २० डॉलर, वर कर. या कामासाठी एक महिना पुरतो.

स्क्रीन रीडरच्या दृष्टीने तिन्हींत बराच फरक आहे. चॅटमधला सगळ्यात मोठा त्रास म्हणजे दुरुस्ती सांगितली की उत्तरात तुकडा येतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘बाकीचा कोड आधीसारखाच’. डोळसाला ती जागा शोधायला क्षण लागतो, ऐकून शोधायला पाच मिनिटं जातात. म्हणून पहिल्याच निरोपात बजावून ठेवा : दर वेळी पूर्ण फाइल द्या, एकाच कोडच्या चौकटीत. म्हणजे ‘कॉपी’ बटण दाबलं की काम झालं. टर्मिनलमधली साधनं फाइल स्वतःच बदलतात, हा त्यांचा मोठा फायदा. पण काम चालू असताना तिथे फिरणारं चिन्ह सतत पुन्हा रंगवलं जातं आणि स्क्रीन रीडर तेच तेच वाचत राहतो. जेमिनाय सीएलआयला सुरू करतानाच स्क्रीन रीडरसाठीचा पर्याय देता येतो. क्लॉड कोड ‘उणे पी’ देऊन चालवलं की ते एकदाच उत्तर छापून थांबतं, संवादाचा पडदा उघडतच नाही. व्हीएस कोडमध्ये ऑल्ट अधिक एफ१ दाबल्यावर सुलभतेची मदत येते आणि ऑल्ट अधिक एफ२ दाबल्यावर उत्तर साध्या मजकुराच्या खिडकीत उघडतं, तिथे अक्षर-अक्षर वाचता येतं. रोज कोड लिहिणाऱ्याने व्हीएस कोड घ्यावं, एकदाच काहीतरी बनवायचं असेल त्याने चॅट.

आता तयारी. टेसरॅक्ट हे मोफत, मुक्त स्रोत ओसीआर इंजिन मूळ एचपीमध्ये १९८५ ते १९९४ दरम्यान घडलं, २००५ मध्ये खुलं झालं आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून न्यूरल जाळ्यावर चालतं. विंडोजवर ते बसवताना अतिरिक्त भाषांच्या झाडात मराठीवर खूण करावी लागते. ती राहिली तर मराठीची ट्रेनडेटा फाइल (ती भाषा ओळखायची माहिती) नंतर ‘टेसडेटा’ फोल्डरमध्ये टाकली तरी चालतं. या फाइल ‘फास्ट’, ‘बेस्ट’ अशा वेगवेगळ्या जातींच्या मिळतात. पान वाचायला चारदोन सेकंद जास्त गेले तरी चालतील, ‘बेस्ट’ घ्या.

मग एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ विभागात डेव्हलपर स्क्रॅचपॅड (स्वतःचा कोड तपासून बघायचं फोल्डर) चालू करा. या फोल्डरमधल्या ‘ग्लोबल प्लगइन्स’मध्ये पायथनची फाइल टाकली आणि एनव्हीडीए अधिक कंट्रोल अधिक एफ३ दाबलं की ती लगेच लागू होते, ॲड-ऑनचं पॅकेट करून बसवण्याची गरज नाही. चुकलं तर एनव्हीडीए अधिक एफ१ दाबून लॉग उघडा आणि शेवटच्या वीस-पंचवीस ओळी जशाच्या तशा एआयला द्या. ‘चालत नाही’ एवढंच सांगितलं तर ते अंदाजाने तिसरीच जागा बदलतं. कोड हातानेही बघणार असाल तर एनव्हीडीए अधिक कंट्रोल अधिक डी दाबून ओळीचं इंडेंटेशन बोलून दाखवण्याचा पर्याय चालू करा. पायथनमध्ये ओळ किती आत आहे यावरच अर्थ ठरतो, आणि टॅब व स्पेसची सरमिसळ झाली की फाइल चालतच नाही.

निरोप मराठीत लिहिला तरी चालतो, तपशील मात्र पक्के हवेत. साधारण असा :

‘एनव्हीडीए २०२५.३ साठी एकाच फाइलचं ग्लोबल प्लगइन हवं आहे. कमांड चालवल्यावर चालू खिडकीचं चित्र डब्ल्यूएक्स वापरून घ्या, तिप्पट मोठं करा, तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवा आणि टेसरॅक्टची एक्झी वेगळ्या थ्रेडमध्ये चालवा. भाषा मराठी अधिक इंग्रजी. काळी खिडकी उघडू नये. निकाल टीएसव्हीमध्ये घ्या, यूटीएफ-८ म्हणूनच वाचा. मजकूर वाचनीय खिडकीत दाखवा. पायथनच्या मूळ ग्रंथालयाबाहेरचं आणि एनव्हीडीएत नसलेलं काहीही वापरू नका. कळ ठरवू नका, वर्णन आणि वर्ग द्या म्हणजे इनपुट जेश्चर्समधून कळ नेमता येईल.’

यातलं एकेक वाक्य एकेका ठरलेल्या चुकीसाठी आहे. आवृत्ती सांगितली नाही तर जुन्या पद्धतीचा कोड येतो : कंट्रोलच्या भूमिकांची ‘रोल-बटन’ छापाची जुनी नावं २०२२.१ मध्ये काढून टाकली गेली, तरी एआय ती आजही लिहून देतं. ग्रंथालयांची अट घातली नाही तर ‘पायटेसरॅक्ट’ आणि ‘पिलो’ ही बाहेरची ग्रंथालयं वापरली जातात. तुमच्या संगणकावर ती दोन्ही असली तरी एनव्हीडीएच्या पोटात त्याचं स्वतःचं पायथन असतं, त्यात ती नाहीत, मग मॉड्यूल सापडत नसल्याची चूक येते. ‘पिप इन्स्टॉल करा’ असा सल्ला एआय देईल, तो इथे लागू नाही. वेगळा थ्रेड (बाजूला स्वतंत्र चालणारं काम) मागितला नाही तर टेसरॅक्ट चालू असेपर्यंत एनव्हीडीए मुकं होतं, आणि अंध माणसाच्या लेखी ते संगणक बंद पडल्यासारखंच. काळ्या खिडकीची अट गेली तर कमांडची खिडकी क्षणभर उघडून फोकस पळवते. तिप्पट मोठं करायचं कारण म्हणजे पडद्यावरचं चित्र ९६ डीपीआयचं (इंचाला तेवढे ठिपके) असतं आणि टेसरॅक्टला ३०० च्या आसपास लागतं. तिपटीने २८८ होतं. तात्पुरत्या फाइलचं नाव रोमनमध्येच ठेवा, कमांड-लाइनच्या साधनांचं देवनागरी नावांशी अनेकदा बिनसतं.

एक गोष्ट एआय आपणहून कधीच सुचवत नाही : स्क्रीन कर्टन. खाजगीपणासाठी अनेकजण पडदा काळा ठेवून काम करतात. तो चालू असताना घेतलेलं चित्रही काळंच येतं आणि ओसीआर निमूटपणे रिकामा मजकूर देतं. एनव्हीडीएचं स्वतःचं ओसीआर याबद्दल आधी सूचना देतं, तीच तपासणी आपल्या प्लगइनमध्येही घालायला सांगा.

एवढं केल्यावर मजकूर येतो. मराठीचा खरा कस मात्र त्यानंतर लागतो, आणि या साधनांची सगळ्यात कमजोर बाजू इथेच आहे. ‘मजकूर स्वच्छ करा’ असं सांगितलं की एआय हमखास एक ओळ लिहितं : शब्दातली अक्षरं आणि मोकळी जागा सोडून बाकी सगळं काढा. इंग्रजीला ती निर्धोक आहे. पायथनचं नेहमीचं रेगेक्स (मजकुरातले नमुने शोधायची सोय) मात्र काना, मात्रा, वेलांटी, हलंत यांना शब्दातलं अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘किती’चं ‘कत’ होतं आणि ‘मराठी’चं ‘मरठ’. हे ऐकल्यावर माणूस ओसीआरला दोष देतो, टेसरॅक्ट पुन्हा बसवतो, ट्रेनडेटा बदलतो, आणि चूक त्या एका ओळीत बसलेली असते. उपाय सोपा आहे : काय ठेवायचं त्यात देवनागरीचा पूर्ण पट्टा, म्हणजे युनिकोडमधला ०९०० ते ०९७एफ, स्पष्टपणे लिहायला लावा.

याहून बारीक चूक शून्य रुंदीच्या अक्षरांची. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवला जातो : एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर अधिक हलंत, आणि दुसरा, साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा जोडक. एआय हा जोडक अदृश्य कचरा समजून काढून टाकतं. दुसऱ्या प्रकारच्या ‘दर्‍या’तून जोडक गेला की उरतं ‘दर्या’. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. ‘आचाऱ्याला’चं ‘आचार्याला’ होतं, आणि दोन्ही शब्द अस्सल मराठी असल्याने ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. म्हणून स्वच्छतेच्या पायरीत आधी जोडकवाला ‘र्‍’ बदलून ‘ऱ्’ करून घ्या आणि मगच बाकीची झाडलोट. एआयला चाचण्याही लिहायला लावा, पण त्यांतले शब्द तुम्ही द्या : दऱ्या, दर्या, किती, ॲप, ऑफिस, वाङ्मय, बाळ. शब्द त्याने निवडले तर ते ‘नमस्कार’ आणि ‘भारत’ घेतं, चाचणी पास होते आणि काहीच सिद्ध होत नाही.

टेसरॅक्टच्या मराठीत ठरलेल्या गफलती आहेत : ध आणि घ, भ आणि म, ‘ख’चं ‘रव’, आकड्यांत १ आणि ९. शब्दांची गफलत कान पकडतो, आकड्यांची नाही. यासाठीच निकाल टीएसव्हीमध्ये (टॅबने वेगळे केलेल्या रकान्यांत) मागवला. त्यात प्रत्येक शब्दापुढे ० ते १०० मध्ये खात्री लिहिलेली असते. साठपेक्षा कमी खात्री असेल त्या शब्दाआधी खूण घाला आणि बारीक बीप द्या. फक्त ज्या ओळी शब्दाच्या नसतात त्यांना उणे १ येतो. कोडने त्या वगळल्या नाहीत तर प्रत्येक परिच्छेदाआधी विनाकारण बीप वाजते. ही एकच सोय स्वतःचं ॲड-ऑन बनवण्याचे सगळे कष्ट वसूल करते, कारण कुठे विश्वास ठेवायचा नाही हे त्यातून कळतं.

इथे अनेकांना मोह होतो : टेसरॅक्ट कशाला, पानाचा फोटो सरळ एआयलाच दिला तर ते सुरेख मराठीत वाचून दाखवतं. दाखवतं खरं, आणि गिचमिड हस्ताक्षर, रंगीत जाहिरात, फोटोतलं दृश्य यांसाठी ते टेसरॅक्टच्या कितीतरी पुढे आहे. पण टेसरॅक्ट चुकलं की कचरा ऐकू येतो, एआय चुकलं की ओघवतं मराठी ऐकू येतं. पुसट ‘१६ मार्च’ त्याने ‘१९ मार्च’ वाचला तर वाक्याला कुठेही तडा जात नाही. औषधाची मात्रा, मुदतीची तारीख, रक्कम, खाते क्रमांक, अर्जाची शेवटची तारीख या गोष्टी अशा वाचनावर सोडू नयेत. ‘जिथे स्पष्ट दिसत नाही तिथे अस्पष्ट असं लिहा’ ही सूचना थोडी मदत करते, हमी देत नाही. या साधनांकडून सुतारकाम करून घ्यावं, आपल्या नजरेची जागा मात्र पूर्णपणे त्यांना देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. शिवाय टेसरॅक्ट तुमच्याच संगणकावर चालतं. आधार कार्ड, पासबुक, वैद्यकीय अहवाल बाहेर पाठवण्याचा प्रश्नच येत नाही.

जुन्या फाँटचा मजकूर थेट युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक एआयकडून लिहून घ्यावा का? नको. कोणत्या चिन्हावर कोणतं अक्षर, हा तक्ता ते आठवणीतून रचतं आणि रिकाम्या जागा कल्पनेने भरतं. तक्ता तुमच्याकडे असेल तरच हे काम त्याला द्या.

वाचनाची खिडकी हा आणखी एक नाजूक भाग. वेगळा प्रोग्राम मागितला की एआय सवयीने टीकेइंटर या पायथनच्या खिडक्या बनवायच्या संचात खिडकी बनवतं, आणि तिच्या बटणांची नावं स्क्रीन रीडरला कळत नाहीत. दिसायला सगळं ठीक, ऐकायला शांतता. ‘हे सुलभ आहे का’ असं विचारलं तर ते ‘होय’ म्हणतं, त्यावर विसंबू नका. त्याऐवजी डब्ल्यूएक्स पायथन हा संच मागा, किंवा ॲड-ऑनमध्येच असाल तर एनव्हीडीएची स्वतःची वाचनीय संदेशाची खिडकी. तिला एचटीएमएल देता येतं, त्यात भाषा मराठी नोंदवली की आवाज आपोआप बदलतो. ही नोंद नसेल आणि चालू आवाज इंग्रजी असेल तर देवनागरी मजकूर अनेकदा नुसता गिळला जातो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजीमध्ये मराठी आहे. उच्चार यांत्रिक आहे, पण वेग वाढवला तरी शब्द तुटत नाहीत.

अल्पदृष्टी असलेल्यांसाठी हेच काम खूप सोपं आहे आणि तिथे ही साधनं जवळपास पहिल्या फटक्यात यशस्वी होतात. ब्राउझरसाठी छोटी स्टाइल मागा : काळ्यावर पिवळा, अक्षर २८ पिक्सेल, ओळींमधलं अंतर किमान १.६. अंतराचा आकडा मुद्दाम सांगा. इंग्रजीच्या सवयीने १.२ दिलं जातं आणि मोठ्या अक्षरांत वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांवर चढतात.

फोनचं ॲप बनवायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. डिजिटल सही, बसवणं, परवानग्या यांतच दम जातो. साधं वेबपान पुरतं, फक्त कॅमेरा हवा असेल तर ते एचटीटीपीएसवर असावं लागतं, नाहीतर ब्राउझर कॅमेरा देतच नाही. नोटा ओळखण्यासाठी तर काहीच बनवू नका. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप जानेवारी २०२० पासून मोफत आहे आणि इंटरनेटविना चालतं. पुस्तक स्कॅन करण्याआधी सुगम्य पुस्तकालयात शोधा, २०१६ पासून चालू असलेल्या या ऑनलाइन ग्रंथालयात ते आधीच सुलभ रूपात असू शकतं. नसेल तर स्वतः रूपांतर करायला कायद्याची आडकाठी नाही : कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेल्या कलम ५२(१)(झेडबी) नुसार अपंग व्यक्तीच्या वापरासाठी सुलभ प्रत करता येते.

पूर्ण पुस्तकासाठी पडद्याचं चित्र घेत बसू नका. पॉपलर या मोफत पीडीएफ साधनसंचातल्या ‘पीडीएफ टू पीपीएम’ने पानं ३०० डीपीआयवर चित्रात बदला आणि टेसरॅक्टला एकामागून एक द्या. टेसरॅक्टला द्यायचा पानाच्या मांडणीचा आकडा एका स्तंभाच्या मजकुराला ६, वर्तमानपत्रासारख्या स्तंभांना ३. शासन निर्णयांच्या परिशिष्टांतले तक्ते मात्र कोणत्याही आकड्याने धड येत नाहीत. ओळी एकमेकींत मिसळतात, आणि तिथे अजून तरी डोळस माणसाकडून एकदा तपासून घ्यावं लागतं.

चालणारी फाइल हाती आली की पुढचा बदल सांगण्याआधी तिची प्रत तारीख घालून वेगळी ठेवा. ‘फक्त बीपचा आवाज कमी कर’ एवढं सांगितलं तरी एआय शेजारची स्वच्छतेची ओळ ‘सुधारून’ जातं आणि ‘दऱ्या’ पुन्हा बुडतात, म्हणून प्रत्येक बदलानंतर त्या सात शब्दांची चाचणी चालवा. कायमचं ॲड-ऑन करायचं झालं तर मॅनिफेस्टमधला (ॲड-ऑनची माहिती देणाऱ्या फाइलमधला) ‘शेवटची तपासलेली आवृत्ती’ हा आकडा लक्षात ठेवा. दर वर्षीच्या पहिल्या मोठ्या आवृत्तीला एनव्हीडीए जुन्या आकड्याची ॲड-ऑन विसंगत म्हणून बंद करतं. २०२५ च्या आवृत्त्यांपर्यंत ते स्वतः ३२ बिटांचं आहे, त्यामुळे सोबत ६४ बिटांची डीएलएल (तयार कोडची जोडफाइल) दिली तर ती उघडत नाही. टेसरॅक्टची एक्झी वेगळी चालवली की हा प्रश्नही येत नाही. मूळ निरोप आणि ते सात शब्द कोडच्याच फोल्डरमध्ये एका साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी ॲड-ऑन बंद पडलं की नवी आवृत्ती घालून तोच निरोप पुन्हा द्यायचा आहे.